चौदाव्या लिफाफ्यातली बांगडी

१

नऊ नंबरचा लिफाफा फोडला तेव्हा मनात म्हटलं, बास, हेच चित्र. चौदा नंबरचा फोडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही कागदांवर एकच चित्र होतं.

मी रोझलिन. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता घरी बसून लोकांवर चिडते. गिरीजच्या सुकेळी करणाऱ्या बायकांच्या गटाने आपल्या पाकिटासाठी लोगोची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं. मी कोणाची भीड ठेवत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि मऊ, चिकट झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. जिंकणाऱ्याचं नाव लोगोच्या खाली प्रत्येक पाकिटावर छापलं जाणार होतं.

चित्र म्हणाल तर अगदी साधं. दोन बायकी हात पानाची पुडी बांधतायत आणि त्या हातांच्या मधल्या जागेत केळीचा अख्खा लोंगर, म्हणजे झाडावरचा घड, लटकतोय. मोजक्या रेघा, लांबून ओळखू येईल असं. ही कल्पना एका वेळी दोघांना सुचली असं मी एखाद वेळेस मानलंही असतं, पण बोटांची वळणंसुद्धा तीच होती. फरक दोनच. नऊमध्ये लोंगरातली केळी वर वळलेली होती, चौदामध्ये खाली. आणि चौदामधल्या डाव्या मनगटावर बांगडीची एक अर्धी रेघ होती. नऊमध्ये मनगट मोकळं होतं.

गटाची सेक्रेटरी क्लेमेंटीन हिने नावांच्या चिठ्ठ्या उघडल्या. नऊ नंबर एरॉल आणि संपदाचा निघाला. एरॉल किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचा पेंटर, पाट्या आणि होड्यांवरची नावं रंगवणारा, माझा जुना विद्यार्थी. संपदा माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहणारी, कॉम्प्युटरवर डिझाईन करणारी मुलगी. चौदा नंबर डेरिकचा. त्याचं माणिकपूरला झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे आणि गटाची पाकिटंही तोच छापणार होता. तोही माझाच विद्यार्थी, हे सांगायला मला आवडत नाही.

“टीचर, दोघांना बाद करा,” क्लेमेंटीन म्हणाली. “तो सूर्यवाला लोगो आहे ना, तो देऊन टाका. उगाच गावात भांडण नको.”

“चोराला आणि ज्याचं चोरलं त्याला एकच शिक्षा? कुठे शिकलीस हा न्याय?”

ती जरा ओशाळली, पण हटली नाही. निकाल रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर हॉलमध्ये लागणार होता. नक्कल करणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर वाचायचं, असं बायकांनी आधीच ठरवलेलं होतं.

“आणि नक्कल कोणी केली ते कळलंच नाही तर?”

“तर दोघांचीही नावं वाचू. खरा चोर सुटण्यापेक्षा ते बरं.”

मी टेबलावर हात आपटला. डेरिकला काय, त्याचं दुकान चालतच राहील. पण पाचूबंदरात एरॉलला चोर म्हटलं गेलं, तर त्याला होडीवर नाव रंगवायला कोणी बोलावणार नव्हतं. आज बुधवार होता. माझ्या हातात चार दिवस होते.

२

एरॉल वाळूत ओढलेल्या एका होडीवर नाव रंगवत होता. मी कशासाठी आले ते सांगताच त्याने ब्रश डब्यात आपटला.

“तुमीपन, टीचर? पंचवीस वर्सं पाट्या रंगवतोय. फ्लेक्स आला, आमचं पोट मारलं, पन कोनाची रेघ उचलली नाय मी.”

“मग ओरडू नकोस. चित्र कसं काढलंत ते सांग.”

त्याने सांगितलं. आधी त्याने एकट्याने हात काढले, शाईने. जाळं विणताना आईचे हात जसे बघितले होते तसे. डावं मनगट जाड झालं, म्हणून ते दुरुस्त केलं.

“खोडलंस?”

“खोडतो कुठं मी? बापाची पद्धत. वरून कागदाचा तुकडा लावायचा शितानं, आनि त्यावर परत काढायचं.”

ही पद्धत मला चांगली ठाऊक होती. शाळेत त्याच्या चित्रकलेच्या वहीत भाताची शितं असायची आणि वह्यांच्या गठ्ठ्याला मुंग्या लागायच्या. त्यावरून मी त्याला वर्गाबाहेर उभं केलेलं आहे.

“मग तो कागद संपदाकडं गेला,” एरॉल पुढे म्हणाला. “तिनं मधी लोंगर काढला, तर केळी खालती तोंड केलेली! फोन करून सांगितलं तिला, बाजारात आकड्याला फणी लटकते ती बघून काढलंस. झाडावर केळी वर बघतात. मंग ती तो कागद घेऊन आली, आमी नवीन कागद घेतला आनि इथंच बसून दोघांनी पक्कं चित्र काढलं. तेच तुमच्याकडं दिलं.”

“आणि लोंगराची कल्पना कोणाची?”

“तिची.” तो होडीकडे वळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तिची हाय, टीचर. तिनं कुठून आनली मला काय म्हाईत? डेरिकच्या दुकानात तिची ये-जा असते. मी नुसते हात काढले.”

मला त्याचा इतका राग आला की होडीवरचं ओलं नाव पुसून टाकावं असं वाटलं.

“मागच्या आठवड्यात हीच मुलगी तुझी पार्टनर होती ना रे?”

“हॉलमधी माझं नाव वाचलं तर मला इथं कोन उभं करील? तिचं काय, ती फ्लॅट विकून जाईल दुसरीकडं.” त्याने ब्रश उचलला. “चोर असंल तर तीच असंल.”

३

नकलेची बातमी माझ्याआधीच पोचली होती. संपदाने दार उघडलं तेव्हाच ती रडून झालेली होती आणि आता चिडलेली होती. रडणाऱ्यांपेक्षा चिडलेल्यांशी माझं बरं जमतं. एरॉल काय म्हणाला ते मी तिला सरळ सांगितलं.

“अंकल माझ्याबद्दल असं बोलले? तुमच्यासमोर?”

“बोलला. आता तू बोल.”

“टीचर, मी स्वतःहून गेले होते त्यांच्याकडे. किती वेळा गेले! ते म्हणायचे, मला कॉम्प्युटरमधलं काय कळत नाय. मी म्हटलं, मला तुमच्या हाताची रेघ पाहिजे, ती सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. दोन महिने एकत्र काम केलं आम्ही. आणि आता मी चोर?”

तिने रागारागाने टेबलाचा खण ओढला आणि काड्यापेटीएवढं छापलेलं एक चित्र माझ्यापुढे टाकलं. कच्च्या चित्राची छोटी झेरॉक्स. लहान पाकिटावर लोगो कसा दिसेल ते बघायला तिने डेरिकच्या दुकानात जाऊन काढून घेतली होती.

“कधी गेलीस?”

“चार मेला. हा बघा, तिथूनच अंकलना फोटो पाठवला होता.” फोनवर तारीख होती. “डेरिकने आधी मोठी कॉपी काढली, ती वाकडी आली. कागद काचेवर सपाट बसतच नव्हता. ती त्याने बाजूला टाकली आणि मग ही छोटी काढली. तेवढ्यात अंकलचा फोन आला, केळी उलटी आहेत म्हणून. मी म्हटलं, ओके अंकल, हे चित्र कॅन्सल, नवीन करू.”

“हे डेरिकने ऐकलं?”

“ऐकलं ना. वर म्हणाला, एवढं छान काढून कॅन्सल?”

“वाकडी कॉपी तू परत घेतलीस?”

“नाही हो. कोण घेतं?”

मी चष्मा काढून ती छोटी झेरॉक्स डोळ्यांजवळ धरली. चित्रापेक्षा त्यात आणखी काहीतरी होतं, केसाएवढं बारीक. तेवढ्यात माझा फोन वाजला. क्लेमेंटीन होती.

“टीचर, आता पुरे करा. डेरिक येऊन गेला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते चित्र दोन मेचं आहे. पोरगी चार तारखेला दुकानात गेली, स्क्रीनवर बघितलं आणि उचललं. उघड आहे सगळं.”

संपदाला ते ऐकू गेलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि क्लेमेंटीनला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. वयाने मोठ्या बाईशी असं बोलू नये हे खरं, पण मी तिला थांबवलं नाही.

४

डेरिकने मला खुर्ची दिली, पंखा वाढवला, चहा मागवला. तो शाळेतही असाच होता. गृहपाठ केला नसला की आधी फळा पुसून द्यायचा.

“टीचर, मला पण वाईट वाटतं. एरॉल बिचारा साधा माणूस आहे. त्या मुलीने त्याला फसवलं. हे बघा.” त्याने स्क्रीन वळवली. चित्रावर दोन मेची तारीख होती.

त्या तारखेला मला काडीची किंमत नव्हती. कॉम्प्युटर त्याचा, त्यातलं घड्याळ त्याचं, तो हवी ती तारीख टाकू शकतो. पण टाकली हे मला सिद्ध करता येत नव्हतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

“केळी खाली तोंड केलेली का काढलीस?”

“म्हणजे? केळी अशीच असतात ना?”

“तुझ्या आजोबांची केळीची वाडी होती ना गिरीजला?”

“होती. विकली आम्ही. मी लहान होतो तेव्हा.” तो हसला. “टीचर, हा लोगो आहे, विज्ञानाचा पेपर नाही.”

उत्तर तसं बिनतोड होतं. चुकीची केळी त्याच्या चित्रात होती आणि संपदाच्या कच्च्या चित्रातही होती. तेवढ्यावरून कोणी कोणाचं घेतलं ते ठरत नाही. त्याचं चित्र उचलून मग एरॉलने केळी सुधारली असंही कोणी म्हणू शकलं असतं. मी चौदा नंबरचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि मनगटावर बोट टेकवलं.

“आणि ही रेघ कसली?”

डेरिकने कागदाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

“बांगडी,” तो म्हणाला. “आमच्या आजीची. एकच बांगडी घालायची ती, झिजलेली. म्हणून अर्धी दाखवली. इमोशनल टच.”

“मुद्दाम काढलीस?”

“अर्थात. ती माझी खास खूण आहे, टीचर.”

मेलेल्या आजीला या माणसाने चोरीत ओढलं होतं आणि वर चहा पुढे करत होता. मी पर्समधून कागद काढला.

“हे सगळं लिहून दे. बांगडी मुद्दाम काढली, तुझ्या आजीची आहे, दोन तारखेच्या चित्रात होती. खाली सही कर.”

“कशाला?”

“तुझ्या बाजूने पुरावा नको का?”

त्याने आनंदाने लिहिलं. अक्षर अजूनही घाणेरडंच होतं. चहा तसाच ठेवून मी तडक पाचूबंदरची रिक्षा पकडली. आता मला एकच गोष्ट हवी होती. तो कच्चा कागद एरॉलने फाडला असेल तर सगळं संपलं होतं.

५

रविवारी हॉल भरला होता. गटातल्या बायका पुढे, त्यांचे नवरे मागे. डेरिक पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसला होता. एरॉल एका भिंतीला, संपदा दुसऱ्या भिंतीला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

मी आधी डेरिकचं लेखी निवेदन वाचून दाखवलं. आजीची बांगडी ऐकून दोन-तीन बायका हळहळल्यासुद्धा. मग मी कच्चा कागद वर धरला. एरॉलने तो फाडला नव्हता. रंगाच्या पेटीत तळाला घालून ठेवला होता आणि द्यायला खळखळ करत होता. गुरुवारी त्याच्यापुढे उभं राहून मी तो काढून घेतला.

“क्लेमेंटीन, इकडे ये. या मनगटावरून बोट फिरव.”

तिने फिरवलं. “काहीतरी चिकटवलंय वरून.”

“कागदाचा तुकडा आहे. एरॉल चूक खोडत नाही, वर तुकडा लावतो, तोही भाताच्या शिताने. डिंकाने लावला असता तर सपाट बसला असता. शिताने कड फुगते. असा फुगलेला कागद झेरॉक्सच्या काचेवर ठेवला की काय होतं? मशीनचा दिवा एका बाजूने येतो. फुगलेल्या कडेची सावली पडते, तीही एकाच बाजूला. कॉपीत ती सावली काळी रेघ होऊन उतरते.”

मी संपदाची छोटी झेरॉक्स तिच्या हातात दिली. डाव्या मनगटावर केसाएवढी अर्धी रेघ होती.

“ही कॉपी डेरिकच्याच मशीनमधून निघालेली आहे. आता हा चौदा नंबर बघ. तीच जागा, तोच तिरपेपणा, मनगटाच्या त्याच बाजूला. संपदाने न नेलेल्या वाकड्या कॉपीतली सावलीची अर्धी रेघ याने बांगडी समजून शाईने गिरवली. आणि मी विचारल्यावर ती आपल्या आजीच्या हातात घातली!”

हॉलमध्ये कुजबुज झाली. डेरिक उठला.

“टीचर, उलटंही असू शकतं. माझी बांगडी बघून यांनी तुकडा लावला.”

“बांगडी काढायला कोणी तुकडा चिकटवतं का रे? पाणी आण गं, क्लेमेंटीन.”

तिने ग्लास आणला. मी बोट ओलं करून तुकड्यावर फिरवलं, शितं सुटली, तुकडा निघाला. खाली एरॉलने आधी काढलेलं जाड, चुकलेलं मनगट होतं.

“जो नक्कल करतो त्याच्यासमोर बरोबर मनगट असतं. तो आधी चुकत नाही. चुकतो तो, जो पहिल्यांदा काढत असतो. या कागदावर चुकून सुधारलेलं आहे. डेरिकच्या कागदावर नुसती सुधारलेल्याची सावली आहे.”

“पण टीचर, त्याच स्पर्धेत कोण पाठवेल चोरलेलं?” मागून एका नवऱ्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

“ज्याला वाटतं की मूळ मालकांनी ते टाकून दिलंय, तो. याच्या समोर संपदा फोनवर म्हणाली, हे चित्र कॅन्सल. नुसती केळी बदलायची होती, हे त्या बोलण्यातून याला कळलं नाही. कळणार कसं? वाडी विकली तेव्हा केळी कशी लटकतात तेही विकून टाकलं यांनी.”

डेरिकचा चेहरा लाल झाला होता. “पाकिटं छापणार मी, रंग मी जुळवणार, आणि नाव या पाटीवाल्याचं? माझं नाव कधी कुठे येतं?” त्याने हॉलभर नजर फिरवली. “एका लोगोसाठी एवढा तमाशा!”

“बाहेर हो,” मी म्हटलं. आवाज वर्गातला निघाला. तो गेला. क्लेमेंटीनने नियमाप्रमाणे त्याचं नाव मोठ्याने वाचलं आणि पाकिटं दुसरीकडे छापू असंही सांगून टाकलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, संपलं. मी निकालाचं रजिस्टर उघडलं आणि क्लेमेंटीनने माझ्या हातावर हात ठेवला.

“टीचर, एकच नाव लिहा. एरॉलचं नाही लिहिता येणार.”

६

तिने रजिस्टरमधून घडी केलेला कागद काढला. एरॉलने तो शुक्रवारी तिच्या घरी नेऊन दिला होता. मी वाचला.

‘नऊ नंबरचं चित्र माझं नाही. कल्पना संपदाची. मी फक्त सांगितल्याप्रमाणे हात काढून दिले. त्यात चोरी असेल तर ती तिची समजावी. माझं नाव कमी करावं.’ खाली सही होती. पाट्या रंगवणाऱ्याची सही, सुंदर.

शुक्रवार. म्हणजे मी कच्चा कागद त्याच्याकडून घेऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी त्याच्यासाठी रिक्षातून हाडं खिळखिळी करून घेत होते आणि हा गुपचूप तिच्या गळ्यात चोरी बांधून आला होता. डेरिकचाही मला एवढा राग आला नव्हता.

“एरॉल, इकडे ये. हे तुझं?”

तो पुढे आला. कागद बघून त्याचा चेहरा उतरला. “टीचर, भ्यालो होतो. तुमी काय शोधताय मला म्हाईत नव्हतं. माझं नाव गेलं असतं तर…”

“म्हणून तिचं घालवलंस?”

एकदा वाटलं, फाडून टाकावा तो कागद. कोणाला कळणार होतं? क्लेमेंटीनने डोळेझाक केली असती. पण त्या कागदावर चोर म्हणून संपदाला उभं केलं होतं आणि तिच्या नकळत तो फाडायचा हक्क मला नव्हता. मी तो तिच्या हातात दिला.

तिने उभ्यानेच वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

“लेखी आहे,” क्लेमेंटीन हलक्या आवाजात म्हणाली. “आम्ही तुझं एकटीचंच नाव छापू शकतो, बाळा. तू सांगशील तसं.”

एरॉल तिच्याकडे बघत होता. होडीवर चढून नाव रंगवणारा तो आडदांड माणूस शाळेत बाहेर उभं केल्यावर दिसायचा तसा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं स्वतःचं नाव छापलं जायचं होतं आणि ते आता एका पोरीच्या हो-नाहीवर आलं होतं.

“दोघांची नावं छापा,” संपदा म्हणाली. “हात त्यांनीच काढलेत. चिडले म्हणून मी खोटं नाही बोलणार.”

एरॉलने मोठा श्वास सोडला. तो दोन पावलं पुढे आला. “संपदा, माझं चुकलं. पुढच्या वक्ताला आपन…”

“पुढची वेळ नाही, अंकल.” तिने तो कागद घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. “माझ्याशी एकदा बोलायचं होतंत. फोन होता ना तुमच्याकडे. केळी चुकली तेव्हा केलातच की.”

ती निघाली. मला वाटलं दारात तरी वळेल, पण वळली नाही. बाहेर तिची स्कूटर सुरू झाली आणि आवाज रस्त्याला लागला.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं. आधी संपदाचं नाव, मग एरॉलचं. तो शेजारी उभा राहून वाचत होता.

“बरोबर लिहिलंय का बघ,” मी म्हटलं.

“बरोबर हाय, टीचर,” तो म्हणाला आणि सही करायला पेन मागितलं. मी पेन दिलं, पण त्याच्याशी बोलले नाही. अजूनही बोलत नाही.